बिनखिळ्याची चौकट

मी करवतच आहे, पण पहिल्यांदा बघणारा माणूस मला करवत म्हणत नाही. कुणाला मी ड्रिल मशीन वाटते, कुणाला बंदूक. एका पाहुण्याने तर मला केस वाळवायचं यंत्र समजून उचललं होतं. मी त्यांना दोष देत नाही. मला लाकडी मूठ नाही, लांबलचक पातं नाही, भिंतीतल्या बटणापर्यंत जाणारी वायरही नाही. जाडसर अंग, मागे मूठ, मुठीखाली बॅटरी आणि पुढे चोचीसारखं बाहेर आलेलं वीतभर पातं, एवढीच मी. ते पातं इतक्या वेगाने पुढे-मागे पळतं की डोळ्यांना नुसती एक धूसर रेघ दिसते.

आयुष्यात मी पुष्कळ कापलं. गंजलेले पाइप कापले, सडलेली कपाटं कापली, भिंतीत घुसलेली झाडाची मुळं कापली. पण मला विचाराल, तर माझं आयुष्य एका दारापाशी सार्थकी लागलं. एका बाईला त्या दाराची कडी आतून लावता यावी, एवढंच त्या कामाचं कारण होतं. मला त्या कामाचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका लांब पत्र्याच्या शेडमध्ये झाला. कुणी मोटर बसवली, कुणी वर कवच चढवलं, कुणी स्क्रू आवळले. अगदी शेवटी एका बाईंनी मला कानाजवळ धरून चालू केलं. समोर मीटर होता, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. त्या नुसता आवाज ऐकत होत्या. मग शेजारणीला म्हणाल्या, “ही छान आहे गं.” माझ्याबद्दल कुणी काढलेला तो पहिला शब्द. वाईट दिवसांत मी तो आठवत असे.

पुढे दुकानाच्या फळीवर बसून मी माणसांची एक सवय पाहिली. मला हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष आधी मला सोबतच्या माणसावर रोखायचा आणि तोंडाने “ढर्रर्र” असा आवाज काढायचा. मोठी मोठी माणसं, केस पिकलेली, तीसुद्धा. मला हसता येत नाही हे त्यांचं नशीब.

माझा पहिला मालक नळदुरुस्ती करायचा. त्याला सगळे ‘आलोच’ म्हणत, कारण घरी चहा पीत बसलेला असला तरी फोनवर तो “निघालोय, वाटेत आहे, आलोच” असंच सांगायचा. स्वभावाने वाईट नव्हता. त्याला फक्त कुठल्याही कामात थांबायला आवडत नसे.

माझ्या तोंडाशी, पात्याच्या मुळाला, एक वाकलेली लोखंडी पट्टी आहे. तिला बूट म्हणतात. कापायच्या वस्तूवर हा बूट घट्ट टेकवायचा, दोन्ही हातांनी मला धरायचं, मग बोट हळूहळू दाबायचं. बूट टेकला की मी शांतपणे कापते. तो टेकला नाही तर मी कापत नाही, समोरची वस्तूच गदागदा हलवते आणि धरणाऱ्याचे दातही वाजवते. आलोच मला एका हाताने धरायचा. दुसऱ्या हाताने शिडी पकडलेली आणि मान वाकडी करून खांद्यावर फोन. पाइप थडथडायचा, भिंतीतून पोपडे पडायचे, आणि तो म्हणायचा, “मशीनच भंगार दिलंय.”

पातं बदलताना तो बॅटरी काढत नसे. एकदा मला मांडीवर आडवी घेऊन तो पातं ओढत होता आणि अंगठा बटणावर पडला. मी चालू झाले. त्याच्या विजारीचा खिसा फाटला, आतला कंगवा तुटला, आणि कातडीला ओरखडाही न येता मी थांबले. तो बराच वेळ भिंतीला टेकून बसला. त्या दिवसानंतर तो मला भ्यायला लागला. भीतीने माणूस मला नीट धरेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही, त्याने मला पिशवीत कोंबून टाकलं.

त्याच्या थोडं आधी त्याने कुणाच्या तरी घरी पाइप कापता कापता दाराची फळीही कापली होती. ती बदलून घ्यायला तो एका सुताराच्या कारखान्यात आला, आणि तिथे माझं नशीब फिरलं.

कारखाना म्हणजे घराला लागूनच एक मोठी खोली. सुताराला सगळे मिस्त्री म्हणत. घरात त्यांची बायको आणि एक मुलगी होती. मुलगी तेव्हा शिकत होती. नंतर ती नर्स झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. बायकोला सगळे बाई म्हणत, मिस्त्रीसुद्धा रागात असले की बाईच म्हणत. कारखान्यातलं घासकाम, पॉलिश आणि गिऱ्हाइकांशी बोलणं बाईंकडे होतं, कारण मिस्त्री गिऱ्हाइकाशी बोलले की गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं.

आलोचच्या पिशवीतून माझी चोच बाहेर आलेली बाईंनी पाहिली. त्यांनी मला बाहेर काढलं. कुणावर रोखलं नाही, तोंडाने आवाज केला नाही. उलटं करून पाहिलं आणि सगळ्यात आधी बॅटरी काढली.

“पातं लावलेलं आणि बॅटरीपण लावलेली? अशी पिशवीत घेऊन फिरतोस?”

“काय करणार बाई, घाईत असतो.”

“घाईत एखादं बोट कमी झालं म्हणजे मोजायला सोपं जाईल तुला. फळीच्या मजुरीत ही ठेवून जा.”

तो इतक्या आनंदाने तयार झाला की मला थोडं वाईटच वाटलं.

मिस्त्रींना मी मुळीच आवडले नाही. त्यांच्या भिंतीवर हातकरवती टांगलेल्या होत्या, पटाश्या धारेनुसार लावलेल्या होत्या, रंधे स्वच्छ पुसलेले होते. त्या मंडळींत मला जागा मिळाली ती दाराआड, झाडूशेजारी.

“ही कशाला आणलीस?” मिस्त्री म्हणाले. “मोडायचं यंत्र आहे हे. आपलं काम घडवायचं.”

“मोडल्याशिवाय घडवता का तुम्ही? परवा ते जुनं कपाट काढताना दिवसभर पहार घालून बसला होतात. रात्री पाठ मी चोळली.”

मिस्त्रींनी रंधा हातात घेतला. उत्तर नसलं की ते रंधा मारायला लागत.

बाईंनी मला ‘चोचीवाली’ असं नाव दिलं आणि स्वतः शिकल्या. जाड दातांचं पातं लाकडाला, बारीक दातांचं लोखंडाला. आधी बूट टेकवायचा, मग बोट. ढकलायचं नाही, माझं वजनच पुरेसं असतं, हवं तर मूठ किंचित वर-खाली झुलवायची. पातं पूर्ण थांबल्याशिवाय ओढून काढायचं नाही. काढल्यावर पात्याला हात लावायचा नाही, ते तापलेलं असतं. आणि भिंतीत शिरायचं असेल तर पलीकडे काय आहे ते आधी माहीत हवं. हे सगळं त्या चुकत चुकत शिकल्या. कारखान्यातल्या एका स्टुलाचा पाय त्या शिकण्यात गेला. त्या स्टुलाला अजून तीनच पाय आहेत, चौथ्याच्या जागी वीट लावतात.

एक नियम मात्र त्यांनी स्वतः काढला, तो कुठल्याही माहितीपत्रकात नाही. पातं बदलताना बॅटरी काढून दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायची. पातं नीट बसलं, माणूस नीट उभा राहिला, डोळ्यांवर चष्मा आला, हे त्या दुसऱ्याने पाहायचं आणि मगच बॅटरी परत द्यायची. म्हणजे मी चालू व्हायला नेहमी दोन माणसं लागत. मिस्त्री आधी हसले. मग हळूहळू त्यांनाही सवय झाली. कधीकधी दोघांचं भांडण व्हायचं, दोन-दोन दिवस एकमेकांशी बोलणं नसायचं. तरी मिस्त्री मुकाट्याने बॅटरी पुढे करायचे, बाई मुकाट्याने घ्यायच्या, त्यांना खालून वरपर्यंत बघायच्या, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवायच्या. मिस्त्री चष्मा लावायचे. बॅटरी परत मिळायची. ज्या घरात असं भांडतात त्या घरात राहायला मला बरं वाटायचं.

आता त्या चौकटीबद्दल सांगते.

मिस्त्रींचं लग्न झालं तेव्हा घरात वेगळं बाथरूम नव्हतं. ते त्यांनी बांधून घेतलं आणि त्याच्या दाराची चौकट स्वतः केली. सागवानी, अंगठ्याने दाबलं तरी दबणार नाही अशी. तिच्यात एकही खिळा नव्हता. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात घट्ट बसणारं कुसू, आणि वरून लाकडाचीच खुंटी. वरच्या आणि खालच्या लाकडाची टोकं शिंगांसारखी भिंतीत गेलेली, त्यामुळे भिंतीशी पकडायलाही लोखंड नाही. घरी कुणी आलं की मिस्त्री त्याला चहाच्याही आधी बाथरूमपाशी नेत. नवीन माणूस गोंधळायचा. तो म्हणायचा, “नको, मला जायचं नाहीये.” मिस्त्री म्हणायचे, “जाऊ नका हो, बघा. हात लावून बघा. आत एक खिळा सापडला तर सुतारकी सोडतो.”

बाई त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जात. का जात, ते मला पुष्कळ नंतर कळलं.

वर्षं गेली. मुलगी गेली. माझी बॅटरी एकदा नवीन आली. मग बाईंच्या पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं. उपचार झाले, दवाखान्यात राहणं झालं. हात पहिल्यासारखे राहिले, पायातली ताकद मात्र परत आली नाही. बाई चाकांच्या खुर्चीत घरी आल्या.

खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून गेली, झोपायच्या खोलीच्या दारातून गेली. बाथरूमच्या दारात अडली. फार नाही, दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम चार बोटांचा प्रश्न होता, आणि खाली उंबरठा.

“काही हरकत नाही,” मिस्त्री म्हणाले, “मी आहे ना.” आणि त्यांनी बाईंना उचलून आत नेलं.

पहिल्या दिवशी ते ठीक होतं. पण ते रोजचं झालं, आणि दिवसातून अनेकदा झालं. मिस्त्री बाईंना आत बसवून दारात पाठ करून उभे राहायचे, कारण कधी हाक येईल सांगता येत नसे. दार लोटलेलं असायचं, कडी उघडी. त्या दाराची आतली कडी कित्येक महिने लागलीच नाही. बाई पाणी कमी प्यायला लागल्या, म्हणजे मिस्त्रींना कमी वेळा उचलावं लागेल. मिस्त्रींची पाठ दुखायला लागली आणि ते ती लपवायला लागले. मी झाडूशेजारून दोघांनाही बघत होते.

एक दिवस बाई सरळ म्हणाल्या, “अहो, चौकट काढा.”

“कुठली?”

“आपल्याकडे किती आहेत ज्यांत मी अडते?”

मिस्त्रींनी खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं. मग म्हणाले, “खुर्ची रुंद आहे. खुर्चीचा दोष आहे.”

आणि त्यांनी खरंच नवीन खुर्ची करायला घेतली. अरुंद, लाकडाची, चार लहान चाकं लावलेली. काम इतकं सुबक की बघत राहावं. ती दारातून अलगद गेली. आत गेल्यावर मात्र वळेना. हँडल नळात अडकलं, मागची चाकं उंबरठ्याच्या आत, आणि बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“आता?” बाई भिंतीला म्हणाल्या.

“थोडं डावीकडे झुक.”

“डावीकडे बादली आहे.”

“मग उजवीकडे.”

“उजवीकडे तुम्ही आहात.”

दोघंही हसले. पण बाईंचं हसू आधी थांबलं. “सगळ्या गावाची दारं नीट करता,” त्या म्हणाल्या, “मला माझ्या घरात एकटीने मोरीत जाता येत नाही.”

त्या आठवड्यात मुलगी आली. तिने दोन दिवस सगळं पाहिलं आणि जेवताना विषय काढला.

“बाबा, मी आईला माझ्याकडे नेते. माझ्या इमारतीत दारं रुंद आहेत.”

“तिला इथेच बरं वाटतं.”

“तिला विचारलंत?”

मिस्त्रींनी बाईंकडे पाहिलं. बाई ताटातला भात एका बाजूला सारत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मला इथेच राहायचंय. पण असं नाही. दार होत नसेल तर उद्या मी हिच्याबरोबर जाते.”

“एका चौकटीसाठी घर सोडणार तू?”

“तुम्ही एका चौकटीसाठी मला सोडताय,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मिस्त्रींना बरं पडलं असतं.

सकाळी मिस्त्री कारखान्यात आले. हातकरवतींसमोर उभे राहिले, एक काढली, परत टांगली. त्या करवतींना भिंतीलगत शिरायला जागाच नव्हती, आणि पहार घातली असती तर अर्धी भिंत खाली आली असती. मग ते दाराआड वळले आणि त्यांनी मला उचललं. इतक्या वर्षांत, बाईंनी सांगितल्याशिवाय, त्यांनी मला आपणहून हात लावायची ती पहिलीच वेळ. बॅटरी काढलेलीच होती. ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, आत गेले, आणि बाईंच्या मांडीवर ठेवली.

बाईंनी बॅटरीकडे पाहिलं. मुलीने पिशवी भरायला घेतली होती, ती तशीच खाली ठेवली.

मग काम सुरू झालं आणि बाईंच्या अंगात पूर्वीची बाई आली. “पाणी बंद केलंत? मेन स्विच?”

“केला.”

“गिझरचा पाइप डाव्या भिंतीत आहे, आडवा. डाव्या बाजूला आखूड पातं घाला. उजवीकडे चालेल लांब.”

मुलीने विचारलं, “मेन बंद केल्यावर हे चालणार कसं?”

“ती कुणाच्या वायरीवर अवलंबून नाही,” बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या माझ्याबद्दल बोलल्या, पण बघत दाराकडे होत्या.

मिस्त्रींनी दार, बिजागऱ्या आणि कोयंडा काढून ठेवला आणि चौकटीच्या उजव्या उभ्या लाकडावर पेन्सिलने दोन तिरक्या रेषा आखल्या, कमरेच्या थोडं वर. मधला तुकडा कापून काढला की वरचा आणि खालचा भाग सुटे होणार होते. मग माझ्यात लाकडाचं, जाड दातांचं पातं बसवलं.

“लोखंडाचं पातंही काढून ठेवू का जवळ?” बाईंनी विचारलं.

“कशाला? यात लोखंड नाही.”

बाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी मांडीवरची बॅटरी उचलली, मिस्त्रींना खालून वरपर्यंत पाहिलं, डोळ्यांकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी चष्मा लावला. बॅटरी दिली गेली.

मिस्त्रींनी बूट लाकडावर टेकवला. दोन्ही हात, पाय फाकलेले, कोपर अंगाशी. घडवणाऱ्याचे हात होते ते, मोडायला लागले तरी घाई नव्हती. बोट दाबलं आणि मी त्या चौकटीत शिरले. काय लाकूड होतं, काय सांगू. इतक्या वर्षांनंतर आतून पिवळंधमक, तेलकट वासाचं. भुसा मिस्त्रींच्या मनगटांवर पडत होता आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

आणि मग मी थडकले.

पातं कर्कश ओरडलं, दोन ठिणग्या उडाल्या, मला मागे जोराचा हिसका बसला. बूट टेकलेला होता आणि हात दोन होते, म्हणून मी जागच्या जागी राहिले. आलोचच्या हातात असते तर त्याच्या तोंडावर गेले असते. मिस्त्रींनी बोट सोडलं, पातं थांबेपर्यंत थांबले, मग मला बाहेर काढलं. माझ्या पात्याचे मधले दात गेले होते.

“लोखंड,” मिस्त्री म्हणाले.



त्यांनी मान वाकवून कापात पाहिलं. आत कापलेल्या लोखंडाचा चकाकता ठिपका होता. “यात खिळा आहे. माझ्या चौकटीत खिळा आहे.” ते मुलीकडे वळले. “हा कुणी मारला?”

मुलगी आईकडे बघत होती. बाई छताकडे बघत होत्या.

“छतात काय आहे?” मिस्त्रींनी विचारलं.

“जाळं झालंय,” बाई म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. “तुम्ही त्या शाळेच्या बाकांच्या कामाला गेला होतात ना, महिनाभर. ही लहान होती. तेव्हा पाहुणे आले होते आणि कडी लागेना. उभं लाकूड मधेच फुगून बाहेर आलं होतं, कडी कोयंड्यात जाईना. सगळ्यांची पंचाईत. एकजण आत गेला की दुसऱ्याने बाहेर गाणं म्हणायचं, असं ठरलं होतं.”

“मग?”

“मग काय, दोन लांब खिळे घेतले आणि लाकूड भिंतीशी आवळलं. डोकी आत ठोकली, वरून मेण आणि भुसा भरला, पॉलिश मारलं. कडी लागायला लागली.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुम्ही परत आलात त्याच दिवशी कुणाला तरी घेऊन चौकटीपाशी उभे राहिलात. काय सांगणार होते मी? चहा घ्या, आणि आत दोन खिळे आहेत?”

“सुतारकी सोडतो म्हणत होतो मी. शेकडो लोकांना.”

“म्हणून तर मी स्वयंपाकघरात पळत होते.”

मुलीने पदर तोंडाला लावावा तशी ओढणी लावली होती आणि तिचे खांदे हलत होते.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी पटाशी आणली, पॉलिशखालचं मेण उकरलं, खिळ्याचं डोकं मोकळं केलं. मग दुसरं शोधलं. दोन्हींवर बोट ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता हे काम तसंच सोडून अंगणात जाऊन बसणार. सगळंच तिथे संपलं असतं.

“तिरके मारलेस,” ते म्हणाले.

“हो. एक वरून खाली, एक खालून वर.”

“का?”

“सरळ मारले असते तर लाकूड फुगताना ओढून बाहेर आले असते.”

“विटेत मारलेस की सांध्यात?”

“सांध्यात. वीट फुटली असती. आधी वाजवून बघितलं.”

मिस्त्रींनी मान हलवली. माझ्या उपयोगाची माणसं मी ओळखते. ती मान हलली, ती एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला दिलेली दाद होती. “इतकी वर्षं ही चौकट तू धरून ठेवलीस,” ते म्हणाले, “आणि शाबासकी मी घेत होतो.”

“घेतलीत, बरं केलंत. चौकट तुमचीच आहे. कडी माझी.”

मिस्त्रींनी माझी बॅटरी काढली. तुटक्या दातांचं पातं काढून बारीक दातांचं बसवलं. मग मला बाईंच्या हातात दिलं आणि बॅटरी स्वतःजवळ ठेवली.

“मी?” बाई म्हणाल्या.

“खिळे तुझे आहेत. कुठून कुठे गेलेत ते तुला ठाऊक. उंचीही तुझ्या हाताला येते.”

मुलगी म्हणाली, “बाबा, आईला झेपेल?”

“हात बघ तिचे,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी खुर्ची दाराला समांतर लावली, दोन्ही चाकांचे ब्रेक दाबले, हलवून पाहिले. साडीचा पदर खोचला. मिस्त्री त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी खालून वरपर्यंत पाहिलं, अगदी बाई बघायच्या तसं. मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. बाई चष्मा विसरल्या होत्या. त्यांनी तो लावला आणि बॅटरी मिळाली.

मिस्त्रींनी पहारेने लाकूड भिंतीपासून बोटभर उचलून धरलं. बाईंनी माझं पातं त्या फटीत सरकवलं, बूट लाकडाच्या कडेला टेकवला, आणि सावकाश बोट दाबलं. वेग कमी ठेवला, लोखंडाला तोच मानवतो. मी त्या जुन्या खिळ्याला भिडले. तो चांगला चिवट होता. बाईंनी ढकललं नाही. मूठ थोडी झुलवली आणि मला माझं काम करू दिलं. टक् झालं. दुसऱ्यालाही तसंच. उभं लाकूड भिंतीपासून एकदम सुटलं आणि मिस्त्रींच्या खांद्याला टेकलं.

मग मिस्त्रींनी बाकीचं कापलं. दुसरी बाजू आखूड पात्याने कापली, गिझरच्या पाइपाला धक्का न लावता. उंबरठा सगळ्यात शेवटी. दोघांमध्ये माझी बॅटरी इतक्या वेळा इकडून तिकडे गेली की ती कोमट झाली होती. शेवटी दार नव्हतंच, भिंतीत एक रुंद ओबडधोबड भोक होतं आणि खाली भुशाचा ढीग. इतकं सुंदर भोक मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुलीने झाडून काढलं आणि वरती एक चादर अडकवली. बाईंनी ब्रेक सोडले, चाकं फिरवली आणि स्वतः आत गेल्या. आत वळल्या. चादर ओढली.

मिस्त्री नेहमीप्रमाणे भोकाबाहेर पाठ करून उभे राहिले.

“तुम्ही तिथे आहात का?” आतून आवाज आला.

“आहे.”

“मग जा ना.”

मिस्त्री गेले. कारखान्यात आले, मला पुसलं, बूट पुसला, पातं निवल्यावर काढून ठेवलं. मग भिंतीवरच्या हातकरवती थोड्या थोड्या सरकवून मधे जागा केली आणि मला तिथे टांगलं. हातकरवती काही बोलल्या नाहीत. पण त्या संध्याकाळपासून मी त्यांच्यातलीच आहे.

मुलगी एकटीच परत गेली.

आज माझं अंग झिजलंय, मुठीचं रबर सुटत आलंय. नवीन यंत्रं माझ्यापेक्षा हलकी आणि जोरकस आहेत असं ऐकते. मला त्यांचा हेवा नाही. त्यांना हातात घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की बूट टेकवा, दोन्ही हात लावा, पलीकडे काय आहे ते आधी विचारा, आणि पातं बदलताना बॅटरी अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तुमची काळजी आहे. बाकी आम्ही बघून घेतो.

मिस्त्री अजून पाहुण्यांना बाथरूमपाशी नेतात. तिथे आता रुळावर सरकणारं रुंद दार आहे, त्यांनीच केलेलं. पण त्यांना ते दाखवायचं नसतं. शेजारच्या फळीवर जुन्या चौकटीचा एक तुकडा ठेवलाय, पॉलिश केलेला, त्यात दोन कापलेले खिळे तिरके दिसतात. “हे बघा,” ते म्हणतात, “हात लावून बघा. हिने मारलेत.” बाई आता स्वयंपाकघरात जात नाहीत. तिथेच खुर्चीत बसून ऐकतात.

आणि रोज सकाळी मी भिंतीवरून दोन आवाज ऐकते. आधी दार रुळावरून सरकल्याचा. मग आतून कडी लागल्याचा. मिस्त्रींचा रंधा तेवढ्यापुरता थांबतो, आणि पुन्हा चालू होतो.